गोठ्यातील फटफटी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण. वक्त्याने स्वहस्ते लिहून दिलेल्या प्रतीवरून.)



'निवृत्तीनंतर काय करावे' या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा होती. त्या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार मजकडे नाही. आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत उपदेशच केल्यामुळे आता तशी हौसही उरलेली नाही. मी साधा मॅट्रिक झालेला गुरुजी. तेव्हा निवृत्तीनंतर मी जे एक काम प्रत्यक्ष केले तेवढ्यापुरतेच बोलावे, असे ठरवून आलो आहे. सोळा वर्षे गोठ्यात पडून असलेली एक फटफटी मी पुन्हा चालती केली, आणि पंचवीस वर्षांच्या खंडानंतर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तिच्यावर पुन्हा बसू लागलो. विषय हलका वाटेल. परंतु त्यात लोखंड आहे, पैसा आहे, कायदा आहे, आणि घरच्या माणसांची मनेही आहेत. म्हणून तो आपला अर्धा तास अगदीच वाया घालविणार नाही, अशी आशा आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून देतो, कारण तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी ते पाहिलेही नसेल. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नामक कारखानदाराने 'वांडरर' या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा धंदा घेतला आणि दोन्ही नावांची आरंभीची अक्षरे जोडून 'जावा' हे नाव सिद्ध केले. १९६१ पासून म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीत त्या गाड्या आपल्या देशात तयार होऊ लागल्या. पुढे त्याच घडणीच्या गाडीस 'येझदी' असे नाव मिळाले. कारखान्याचे चालक इराणी कुटुंब होते, आणि इराणातील यझ्द या पुरातन शहरावरून ते नाव घेतले आहे. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०२२ च्या जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीने येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणले; पण त्या गाड्यांचे इंजिन अगदी निराळ्या जातीचे आहे. मी सांगतो आहे ती जुनी, दोन फटक्यांच्या इंजिनाची, पेट्रोलात तेल मिसळून पिणारी गाडी. तिला सायलेन्सर दोन, पण सिलिंडर एकच. किक मारण्याचा आणि गिअर टाकण्याचा दांडाही एकच. तो आत दाबून मागे फिरविला की किक, पुढे पाडला की गिअर. गिअरचा दांडा पायाने दाबताच क्लच आपोआप सुटतो, हाताने धरावा लागत नाही. ही युक्ती ज्याने प्रथम योजिली त्यास मनोमन नमस्कार करावा असे मला अजूनही वाटते.

ही गाडी आमच्या वडीलबंधूंची. ते पशुवैद्यकीय खात्यात नोकरीस होते. आजरा तालुक्यातील वाड्या-वस्त्या, त्यातून चार महिने धो-धो पाऊस. आडलेल्या म्हशीसाठी रात्री दोन वाजताही निघावे लागे. म्हणून १९८१ साली पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी येझदी घेतली. मी चालविण्यास शिकलो ती हिच्यावरच. १९९८ मध्ये माझी बदली घराजवळच्या शाळेत झाली, पायी जाण्याइतके अंतर राहिले, आणि फटफटीशी माझा संबंध सुटला. २००६ साली दादा गेले. गाडी गोठ्याच्या एका कोपऱ्यात उभी राहिली, तिच्यावर प्रथम गोणपाट आले, मग वैरणीच्या पेंढ्या आल्या.

२०२२ च्या पाडव्यानंतर वहिनींनी गोठा पाडून नवीन बांधण्याचे काढले. भंगारवाला वजनावर गाडी नेण्यास तयार होता. पुतण्याचा विचार ती पुण्यातील कोणा शौकिनास विकावी असा होता. मी गाडी मागितली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, विकायचीच असली तर दारात माणूस उभा आहे, तुमचे नाव कशाला मध्ये? चालवणार असाल तर न्या." मी 'चालवीन' असे म्हटले. त्या एका शब्दामुळे पुढचे सर्व काम निराळे झाले. शोभेसाठी गाडी सजविणे वेगळे आणि तिच्यावर बसून जाण्यासाठी तिला सिद्ध करणे वेगळे. पहिल्या कामात रंग आधी येतो, दुसऱ्यात तो सर्वांत शेवटी.

आमच्या गडहिंग्लज भागात या जातीच्या इंजिनाचे ज्ञान असलेले एकच वृद्ध मिस्त्री उरले आहेत. वय सत्तरीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुकान म्हणजे चार पत्रे. टेम्पोतून गाडी उतरविताच मी हौसेने दांड्याकडे पाय नेला, तोच ते ओरडले, "गुरुजी, किक मारू नगासा!" कारण पुढे कळले. बंद पडलेल्या सिलिंडरात गंज धरलेला असतो. जोराने किक मारली तर तो गंज पिस्टनच्या कडांनी खरवडला जाऊन सिलिंडराच्या आतल्या भिंतीस चरे पडतात, आणि जे थोडक्यात सुटले असते ते मोठे होऊन बसते. नंतर ते म्हणाले, "आदी थांबायचं बघूया, मग पळायचं." म्हणजे ब्रेक प्रथम. मला हा क्रम उलटा वाटला होता. परंतु इंजिन एकदा सुरू झाले की माणसास चालवून पाहण्याचा मोह आवरत नाही, आणि त्या वेळी ब्रेक हाती नसले तर काय होते हे मिस्त्रींनी आयुष्यात पुष्कळदा पाहिले होते.

चाके सोडविली. टायरांचे रबर दगडासारखे झाले होते, बोटाने दाबले तर भेगा उमलत. स्पोक निम्मे गंजलेले. रिम मात्र वाचल्या. त्यांत नवे स्पोक भरून चाकाचा आऊट काढण्याचे काम सायकलच्या दुकानातील एका म्हाताऱ्याने केले; तो डोळ्यांपेक्षा कानाने अधिक पाहतो. एकेक स्पोक नखाने वाजवून, आवाजावरून ताण ठरवितो. ब्रेकच्या शूंना नवे लायनर चढविले, केबली सर्व बदलल्या.

मग इंजिन. प्लग काढून त्या छिद्रातून डिझेल व पातळ तेल यांचे मिश्रण ओतले आणि अकरा दिवस वाट पाहिली. रोज संध्याकाळी मी जात असे. मिस्त्री नुसते मान हलवीत. बाराव्या दिवशी गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने मागेपुढे हलकेच झुलविले, तेव्हा पिस्टन केसभर सरकला. त्यानंतर इंजिन खोलले. सिलिंडर कोल्हापुरास उद्यमनगरात पाठवून बोअर करून घेतला आणि अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसविला. क्रँकच्या मोठ्या बेअरिंगमध्ये खडखड होती, म्हणून क्रँकही तेथेच प्रेसवर उघडून नव्या कनेक्टिंग रॉडसह बांधून आणला. शेतीच्या ऑइल इंजिनांनी नावारूपास आलेल्या त्या वसाहतीत असे काम जाणणारे हात अजून आहेत, हे आपल्या जिल्ह्याचे भाग्य समजावे.

येथे एका क्षुल्लक वस्तूविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण जुनी गाडी घरी असलेल्यांस त्याचा उपयोग होईल. क्रँकच्या दोन्ही बाजूंस ऑइल सील म्हणून रबरी कडी असतात, दहा-वीस रुपयांपासून मिळणारी. दोन फटक्यांच्या इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण प्रथम पिस्टनच्या खाली येते, तेथे दाबले जाते आणि मग वर जाते. म्हणजे पिस्टनखालची खोली भात्यासारखी हवाबंद असावयास हवी. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ही कडी करवंटीसारखी कडक होतात. डाव्या बाजूचे कडे गेले तर क्लचकडचे गिअर-ऑइल आत ओढले जाऊन गाडी पांढऱ्या धुराचे लोट सोडते. उजव्या बाजूचे गेले तर फाजील हवा शिरून इंजिन तापते आणि पिस्टन पुन्हा जाम होतो. पुष्कळ लोक अशा वेळी कार्बुरेटर बदलीत बसतात, तीन-तीन प्लग जाळतात, शेवटी गाडीस दूषण देतात. दोष त्या कड्याचा असतो. इंजिन खोललेच आहे तर ही कडी न बदलता बांधणे म्हणजे पोत्याचे तोंड न शिवता धान्य भरणे होय.

कार्बुरेटरमध्ये जुन्या पेट्रोलाचा डिंक झाला होता आणि बाहेरून पांढरी भुकटी धरली होती. गोठ्यातील ओल व जनावरांच्या मुत्राची वाफ यांचा हा प्रसाद. वायरिंग उंदरांनी फस्त केलेली. टाकीच्या तळास गंजाने दोन बारीक छिद्रे पाडली होती. त्या टाकीस डाग देण्यापूर्वी मिस्त्रींनी ती चार दिवस पाण्याने भरून उघडी ठेविली. पेट्रोलची वाफ राहून गेलेली टाकी तापविली तर ती बाँबसारखी फुटते. हे सर्वांनी लक्षात ठेवावे, विशेषतः घरच्या घरी वेल्डिंग शिकू पाहणाऱ्या चिरंजीवांनी.

सीटखालच्या हत्यारांच्या डब्यात, धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला एक जादा प्लग सापडला. या गाड्यांचा प्लग वाटेत काजळून बंद पडे, म्हणून दादा तो नेहमी बाळगीत. साफ करून लावला. अद्याप तोच चालू आहे.

शेवटी टायमिंग. पॉइंट चार दशांश मिलिमीटर उघडावेत, आणि पिस्टन शिखरास पोहोचण्याच्या थोडे आधी उघडावेत, एवढे पुस्तकात मिळते. नेमका तो क्षण ओळखण्यासाठी मिस्त्री पॉइंटच्या दोन टोकांत पतंगाच्या कागदाचा तुकडा धरतात आणि इंजिन हळूहळू फिरवितात. कागद अलगद निसटला की पॉइंट उघडले. मोतीबिंदू झालेल्या माणसास हे काम साधते, कारण ते डोळ्यांचे नाहीच, बोटांचे आहे. २०२३ च्या जून महिन्यात, चौदाव्या महिन्यात, तिसऱ्या किकेस इंजिन बोलले.

रंगाच्या बाबतीत पुतण्याचा व माझा मतभेद झाला. सर्व गाडी आरशासारखी चकचकीत करावी असा त्याचा आग्रह. मी टाकी तेवढी रंगविली, कारण तिला डाग दिले होते. बाकीचा मूळ रंग, जेथे पत्रा शाबूत होता तेथे, तसाच ठेविला. लग्नाच्या वरातीतील घोड्याप्रमाणे नटलेल्या जुन्या गाड्या मी प्रदर्शनात पाहिल्या आहेत. त्या दिसतात सुरेख. परंतु मालक त्यांस टेम्पोतून आणतात व टेम्पोतून नेतात.

खर्चाचा हिशेब मी वहीत टिपून ठेविला आहे, तो लपवीत नाही. इंजिन १८,६०० रुपये. चाके, टायर व ब्रेक ११,३००. वायरिंग व बॅटरी ५,२००. टाकी व रंग ९,४००. आणि कागदपत्रे ६,१००. एकूण ५०,६०० रुपये. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसास ही रक्कम लहान नव्हे. पण ती चौदा महिन्यांत थोडी थोडी गेली, त्यामुळे घरात फारसा आवाज उठला नाही.

कागदपत्रांविषयी एवढेच सांगतो की गाडीस हात लावण्यापूर्वी ती तपासावीत. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची मुदत २००६ लाच संपली होती. मालक निवर्तलेले असल्यामुळे गाडी प्रथम वारस म्हणून वहिनींच्या नावे आणि मग माझ्या नावे, असे दोन टप्पे करावे लागले. शिवाय पर्यावरण कर, विलंबाचा दंड आणि तपासणी. आता वीस वर्षांहून जुन्या वाहनांचे नूतनीकरण-शुल्क २०२५ मध्ये आणखी वाढले आहे. ज्या गाडीचे मूळ नोंदणीपुस्तक हरवले आहे आणि चासीचा क्रमांक गंजाने पुसला आहे, तिच्यावर पैसा घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. माझा स्वतःचा परवानाही कधीच मुदतबाह्य झालेला. म्हणून शिकाऊ परवान्यापासून आरंभ केला. डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन, मिसरूडही न फुटलेल्या मुलांच्या रांगेत मी उभा राहिलो, आणि त्यांतील दोघे माझेच विद्यार्थी निघाले. एकाने रांगेत आपली जागा देऊ केली. मी घेतली नाही. परीक्षेच्या वेळी अशी देवघेव चालत नाही, हे त्यास मीच शिकविले होते.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. आमच्या सौभाग्यवतींनी चौदा महिने काही म्हटले नाही. गाडी अंगणात आली त्या संध्याकाळी मात्र त्या म्हणाल्या, "अहो, गाडीचे सगळे सांधे नवे केलेत. तुमच्या गुडघ्यांचे काय?" प्रश्न थट्टेचा नव्हता. एकशे पस्तीस-चाळीस किलोंची गाडी उतारावर कलली तर सावरण्यास पाय हवेत. साठीनंतर मान पूर्वीइतकी वळत नाही, अंधारात समोरचे दिवे डोळ्यांत पसरतात, आणि पाहिलेले हातापायांपर्यंत पोहोचण्यास क्षणभर अधिक लागतो. हा क्षण तरुणपणी हिशेबात नसतो. शिवाय पंचवीस वर्षांत रस्ता बदलला. मी सोडला तेव्हा एस.टी. व उसाचे ट्रक एवढीच धास्ती होती. आता कानाशी लागून जाणाऱ्या मोटारींचा वेग निराळा आहे.

तेव्हा डोळे तपासून चष्मा बदलला. दोन महिने रोज सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर चुन्याच्या रेघा आखून सराव केला; इंग्रजी आठच्या आकड्यात सावकाश फिरणे, ठरलेल्या रेघेवर थांबणे. थांबण्याचे अंतर मी टेपने मोजून वहीत लिहीत असे. ते प्रत्येक आठवड्यास कमी होत गेले आणि मग कमी होईनासे झाले. तेथे माझी मर्यादा समजली. सौभाग्यवतींच्या अटी तीन: शिरस्त्राणावाचून फाटकाबाहेर जावयाचे नाही, दिवेलागणीनंतर गाडी काढावयाची नाही, आणि महामार्गावर जावयाचे नाही. दुसरी अट तर गाडीनेच घातल्यासारखी आहे. सहा व्होल्टच्या डायनॅमोचा तो दिवा, काजव्याने हसावे असा.

धुराबद्दल एक प्रामाणिक शब्द. या जातीच्या इंजिनात पेट्रोलचा काही भाग न जळताच बाहेर जातो. २००० सालच्या कडक नियमांनंतर अशा गाड्या मागे पडल्या त्या उगाच नव्हेत. सर्वांनी पुन्हा अशाच गाड्या वापराव्या असे मी मुळीच म्हणणार नाही. मी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी काढतो. लिटरमागे चाळीस मिलिलिटर टू-टी ऑइल मापाने घालतो, अंदाजाने नव्हे. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि जुने रबर फुगविते. म्हणून पेट्रोलची नळी नवी घातली आहे, आणि पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहणार असली तर टाकी व कार्बुरेटर रिकामे करून ठेवतो.

पहिला लांबचा फेरा अर्थातच वहिनींकडे झाला. मागे सौभाग्यवती होत्या. आपण बसल्यावाचून मला एकट्यास जाऊ देणार नाही, ही चौथी अट त्यांनी निघताना घातली. वहिनी अंगणात येऊन उभ्या राहिल्या, गाडी पाहिली, सायलेन्सरच्या मागे हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "आवाज तोच आहे. धूर कमी केलात, हे बरे. ते आले की माझे वाळवण काळे व्हायचे." मग आत जाऊन चहा ठेविला. दोन महिन्यांनी पुण्याहून एक गृहस्थ आले आणि माझ्या खर्चाच्या दुप्पट रक्कम देऊ लागले. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी त्या गृहस्थांस चहा दिला व वहिनींनी घातलेली अट सांगितली. ते समजूतदार होते. निघताना पॉइंटचा एक जुना संच मला भेट देऊन गेले.

आता ज्याकरिता मी हा विषय मुख्यतः घेतला ते सांगून आटोपतो. मिस्त्रींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. पण हात कापू लागला आहे, आणि त्यांचा मुलगा बँकेत आहे. त्यात त्याचा काही दोष नाही. चार पत्र्यांच्या दुकानात पोट भरत नाही. परंतु कोणते नट उलट्या आट्याचे, सील ठोकताना खाली काय धरावे, क्रँककेस कोणत्या बाजूने उघडावा, हे त्यांच्या बोटांत आहे, आणि कागदावर कोठेच नाही. म्हणून त्या चौदा महिन्यांत मी शिक्षकाची जुनी सवय सोडली नाही. दोनशे पानी वहीत, रोज, जे झाले ते आकृत्यांसह लिहून काढले. मिस्त्रींस वाचता येते पण लिहिण्याचा कंटाळा; त्यांनी सर्व पाने ऐकली आणि सतरा ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. त्या तांबड्या शाईने घातल्या आहेत. विद्यार्थ्याची वही गुरूने तपासावी तशी ती वही आहे. फक्त विद्यार्थी कोण, एवढेच या वेळी उलट झाले.

त्या वहीची एक छायाप्रत मंडळाच्या वाचनालयात आजपासून ठेविली आहे. डायनॅमो ओढण्याचा पुलर, क्लच सोडविण्याचे अवजार व फीलर गेज हे तीन नग मजजवळ आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी नोंद करून न्यावेत आणि परत आणावेत. आपल्या ज्ञातीत किमान पाच-सहा घरी अशी एखादी जुनी गाडी गोठ्यात, परसात वा जिन्याखाली झाकून ठेवलेली आहे, हे मला ठाऊक आहे. ज्यांना ती चालती करावयाची असेल त्यांनी मला कळवावे; मिस्त्री अजून सकाळी दहा ते एक दुकानात बसतात, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर एक जागा रिकामी आहे. कोणी सोळा-सतरा वर्षांचा चिरंजीव येणार असेल तर फारच उत्तम. हात काळे करण्याची तयारी मात्र असावी. एवढे तातडीने करावे. गाड्या थांबतील, पण मिस्त्रींच्या हाताचा कंप वाढतो आहे.

 भोजनाची वेळ झाली असल्याची खूण चिटणीस मघापासून करीत आहेत, म्हणून येथेच रजा घेतो.